लीलाकाकूंच्या लेखाखालची एक प्रतिक्रिया

१४ ऑक्टो. २००७, रवि. सनीव्हेल, कॅलिफोर्निया
महाराष्ट्र मंडळाची मीटिंग, कुलकर्णीकाकांकडे. यंदा दिवाळी अंक छापायचा नाही, ब्लॉगवर टाकायचा. कोण करणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "तू घरीच असतेस ना दिवसभर." डिपेंडंट व्हिसावर नोकरी चालत नाही, फुकटचं काम मात्र धावतं. डोकं तापलं, पण हो म्हणून बसले. घरी येताना समीर म्हणाला, रागावलेली दिसत नाहीयेस. तोवर राग गेलाही होता. अकरा महिन्यांनी कोडला हात लागणार.

१८ ऑक्टो., गुरु.
ब्लॉगची थीम निवडली, साधी, पांढरी. प्रत्येक लेखाखाली प्रतिक्रियांचा आकडा येतो, तोही इंग्रजीत. काकांचा फोन: "अंक मराठी आणि शेपूट इंग्रजी कसं चालेल?" थीमच्या फाइलमध्ये हात घालायचा नाही, नवी आवृत्ती आली की सगळं पुसलं जातं. त्यापेक्षा फिल्टर. मजकूर पानावर जायच्या आधी आपल्या हातात येतो, बदलायचा, पुढे द्यायचा. स.ला सांगितलं, वरण तेच, वाढताना वरून फोडणी. तो म्हणाला, मग आज वरण कर.

२३ ऑक्टो., मंगळ.
आधी अख्खं पान कोरं. एक अर्धविराम राहिला होता. पुण्यातल्या ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी आठवडाभर चिडवलं असतं. मग जमलं. एकही नसेल तर 'अजून कोणी लिहिलं नाही', एक असेल तर 'एक प्रतिक्रिया', पुढे आकडे, तेही देवनागरीत. स्वतःवरच खूश.

९ नोव्हें., शुक्र. लक्ष्मीपूजन
अंक सकाळी लागला. बारा लेख. कुलकर्णीकाकांच्या अलास्काच्या प्रवासवर्णनाला संध्याकाळपर्यंत चौदा प्रतिक्रिया (त्यातल्या तीन कुलकर्णीकाकूंच्या असाव्यात). मंडळातल्या लीलाकाकूंच्या लेखाला एकही नाही. यजमान गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच काही लिहिलंय.
त्यांचा फोन आला. "अगं, माझ्याखाली लिहिलंयस ते खरंच आहे म्हणा. पण जरा टोचलं." 'अजून कोणी लिहिलं नाही', वाक्य माझंच. तेव्हा किती मजेत लिहिलं होतं. फार वाईट वाटलं.

१० नोव्हें., शनि. पाडवा
शून्याचं वाक्य बदलायला बसले. नवीन: 'तुम्हाला काय वाटलं?' बरं आहे. मग 'एक प्रतिक्रिया' नीट दिसतं का ते पाहायचं होतं, पण एकच प्रतिक्रिया असलेला लेखच नव्हता. म्हणून फिल्टरला सांगितलं, शून्य आलं तर एक समज. थेट चालू साइटवर. पाहिलं, छान दिसलं. तेवढ्यात स.च्या ऑफिसातली मंडळी फराळाला आली, मी लॅपटॉप मिटला आणि करंज्या काढल्या.

११ नोव्हें., रवि.
सकाळी आठवलं, पळत जाऊन काढलं. उशीर झाला होता. लीलाकाकूंचा फोन: "काल एक प्रतिक्रिया होती गं. उघडलं तर काहीच नाही. आणि आज तर आकडाही गेला. निखिलच असणार." निखिल म्हणजे त्यांचा मुलगा, टेक्सासला अर्विंगमध्ये असतो. वडिलांच्या अंत्यविधीनंतर आईशी दोन मिनिटांवर बोललेला नाही. मी म्हटलं, त्याला मराठी वाचता येतं? "नाही. पण बाबाचा फोटो आहे ना वर. तो असाच आहे, लिहितो आणि खोडतो." आवाज इतका आनंदी होता. मी मूग गिळून बसले. लाज वाटते लिहायला, पण बसले.

१३ नोव्हें., मंगळ.
स.ला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "यार, सिंपल आहे, कुणाच्या तरी नावाने एक टाकून दे." नाही टाकणार. एक खोटी प्रतिक्रिया पुरे झाली.
मग लक्षात आलं, काकूंचा लेख मी वाचलेलाच नाही. कॉपी केला, चिकटवला, फोटो बसवला. आज वाचला. चौऱ्याहत्तर साली निखिलचे बाबा त्यांना बंद दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी शिकवायचे, आणि चुकल्या की ओरडायचे नाहीत, खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारून यायचे. शेवटी काकू लिहितात, आता चुकले की मीच उतरते आणि फेरी मारते. रडले. स्वतःच्या नावाने चार ओळी लिहिल्या. आता आकडा खराच एक आहे. पण निखिलचं तसंच राहिलं. शनिवारी जाऊन सांगायचं.

१७ नोव्हें., शनि.
गेले. वाटेत वाक्य तीनदा जुळवलं. काकूंनी चहा ठेवला, बशीत चिवडा. तुझी प्रतिक्रिया वाचली, छान लिहितेस, म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, त्या पहिल्या प्रतिक्रियेचं जरा... "अगं तेच सांगायचंय तुला."
त्यांनी निखिलला फोन करून विचारलं होतं. तो आधी म्हणाला, "मॉम, व्हॉट कॉमेंट?" मग म्हणाला, तू काय लिहिलंयस? काकूंनी अख्खा लेख फोनवर वाचून दाखवला, एकेक ओळ इंग्रजीत सांगत. चाळीस मिनिटं. पार्किंग लॉटचं त्याला काहीच माहीत नव्हतं. फेरीपाशी आल्यावर त्याने ती ओळ पुन्हा वाचायला लावली.
"आणि मग कबूल झाला," काकू म्हणाल्या. "येस मॉम, इट वॉज मी. आय डिलीटेड इट."
तिथे कधी काही नव्हतंच, हे जगात मला आणि स.ला माहीत. आणि आता निखिलला.
"काय लिहिलं होतंस, विचारलं मी. फोनवर नाही सांगणार म्हणाला. थँक्सगिव्हिंगला येतोय, तेव्हा सांगेन म्हणाला. दोन वर्षांनी येतोय गं."
मी चहा घेतला. काकूंनी विचारलं, तू काहीतरी सांगत होतीस? म्हटलं, काही नाही.
घरी येऊन स.ला सांगितलं. तो हसायला लागला आणि मग थांबला. मला अजून कळत नाही मी गप्प बसले ते बरोबर की चूक. गुरुवारी निखिल येईल. तोपर्यंत बिचाऱ्याला ती 'खोडलेली' प्रतिक्रिया आधी लिहावी लागणार.