तळ्यासाठी जुना चेंडू

४ सप्टेंबर

गेलो! अखेर गेलो! छातीतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा ही गोल्फच्या मैदानावर उतरली. फाटकातूनच "बाई आल्या, बाई आल्या" सुरू झालं. ही शाळेत पीटी शिकवायची. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सगळ्यांची 'बाई'च. मी नुसता 'बाईंचे मिस्टर'. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं आणि स्वतःचा चेंडू कुठं पडला ते मला दिसत नाही, हा इथला जुना विनोद. आजही तिघांनी ऐकवला.

थोडंच खेळलो. डावा हात खांद्याच्या वर जात नाही हिचा. काठी अर्धीच फिरवते, पण चेंडू कसा सरळ! मी सगळा जोर लावून थेट झाडीत.

निघताना वर्गणी भरायला खिडकीशी गेलो. वर्षाची, म्हणालो. हिनं मागून बाही ओढली — "महिन्याची भरा हो. उगाच कशाला?" कारकून माझ्याकडे बघायला लागला. महिन्याची भरली.

८ सप्टेंबर

आमच्या मैदानात तळी नाहीत, तळ्यांत मैदान आहे. झाडं मोठाली, गवत मऊ, सगळं बागेसारखं — आणि चेंडू जरा चुकला की डुबुक! ओढाही मध्ये मध्ये आडवा येतोच. सगळ्यात वाईट बारावा होल. मारायचं इथून, हिरवळ तिकडे पलीकडे, मधे नुसतं पाणी. पूर्वी ही ते हसत पार करायची आणि मग मुद्दाम माझ्याकडे बघायची.

गोल्फवाल्यांची एक खोड असते. पाणी आलं की चांगला चेंडू खिशात आणि बॅगेच्या तळाचा खरवडलेला जुना बाहेर. जाणारच आहे तर जुना जाऊ दे! मी दर तळ्यावर हेच करतो. हिनं कधी केलं नाही. मलाच हसायची — "तुम्ही मारायच्या आधीच बुडवता हो!"

आज बाराव्यावर हिनं जुना काढला.

डुबुक.

९ सप्टेंबर

सकाळपासून तो चेंडूच डोक्यात आहे. वेड्यासारखं!

१५ सप्टेंबर

लेकीनं वाढदिवसाला हिला नव्या चेंडूंचा डबा दिला होता. तो अजून तसाच, वरच्या फळीवर, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. आज लेक आली होती. "आई, उघड की!" म्हणाली. तर ही म्हणते, "राहू दे गं. बाबांना होतील."

मला होतील? हिच्या चेंडूंनी मी एकटा खेळत बसू? लेक गेल्यावर भांडलो. म्हणजे मी भांडलो. ही टॉवेलांच्या घड्या करत राहिली. शेवटी मलाच रडू फुटलं आणि हिनं मला पाणी आणून दिलं. आजारी कोण, तेच कळेना.

मग माझ्या चष्म्याच्या काचा पदराने पुसून दिल्या. जन्मभर सांगत आलो, काच अशी पुसायची नसते. आज नाही सांगितलं.

२१ सप्टेंबर

तळ्यातले चेंडू मैदानाचा माळी जाळीनं काढतो. हिच्या चेंडूंवर नेलपॉलिशचा लाल ठिपका असतो, तेवढे तो वेगळे काढून बादलीतून आणून देतो. "घ्या बाई, तुमचे मासे!" ही तेच पुन्हा बाराव्यावर मारते, ते पुन्हा बुडतात, हा पुन्हा आणतो. आज ही म्हणाली, "एव्हाना पोहायला शिकायला हवे होते मेले!" माळी पोट धरून हसला. मग हीसुद्धा. मी हिच्याकडेच बघत राहिलो. किती दिवसांनी असं हसली!

माझा नंबर आला तेव्हा काठी नुसती हवेतच फिरली, चेंडूला लागेना. साहजिक आहे.

२८ सप्टेंबर

हात आज कानाच्या वर गेला! रोज सकाळी दाराच्या चौकटीला बोटं लावून वर सरकवते, दात-ओठ खात. पीटीच्या बाई त्या! मी जवळ गेलो की म्हणते, "प्रेक्षकांनी लांब बसावं."

पुढच्या आठवड्यात मोठी तपासणी. मी मनाशी ठरवून टाकलंय — ज्या दिवशी ही बाराव्यावर नवा चेंडू ठेवील, त्या दिवशी बरी झाली असं समजायचं. डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

५ ऑक्टोबर

तपासणी झाली. रिपोर्ट आणायला लेक हिला घेऊन जाणार. "बाबा, तुम्ही घरीच थांबा. मागच्या वेळी नर्स आईला सोडून तुम्हालाच सांभाळत होत्या." खरं आहे. चक्कर आली होती मला.

८ ऑक्टोबर

नवा चेंडू!!

दुपारी दोघी परत आल्या. लेक दारातूनच गेली, काम आहे म्हणाली. मी विचारायच्या आत ही म्हणाली, "उद्या बोलू. आज खेळायचं." आणि वरच्या फळीवरचा डबा काढून बॅगेत टाकला! मैदानावर पोचल्यावर बाकावर बसून एकेका चेंडूवर लाल ठिपका देत बसली. मी फुंकर घालून ते वाळवले.

बाराव्यावर ठेवला तो नवा कोरा. डुबुक! दुसरा नवा. डुबुक! "तिसरा द्या," म्हणाली. मी दिला. तो गेला वर, इतका वर की मला दिसेना. मी ओरडतोय, "कुठंय? कुठंय?" आणि ही शांतपणे, "पलीकडे आहे हो. गवतात."

मी नाचलो. खरंच नाचलो! ही माझ्याकडे बघून हसत होती आणि डोळे पुसत होती. आज अगदी निवांत वाटतंय. रिपोर्ट काय विचारायचा, मला कळलं काय ते.

९ ऑक्टोबर

चहाच्या वेळी सांगितलं. परत आलंय. पसरलंयही.

"मग काल तो नवा—"

"आता जपून कशाला ठेवू?"

माझा कप भरत म्हणाली, "आणि काल तुम्हाला नाचताना बघायचं होतं."

दुपारी मैदानावर गेलो. वर्गणीच्या खिडकीशी आज ही पुढे झाली. मी बाही ओढली नाही.

कारकुनानं विचारलं, "महिन्याचीच ना, बाई?"

"वर्षाची," ही म्हणाली. "दोघांची."