टॅलिथाच्या फिल्मचा शेवट

६ मार्च

चर्चच्या हॉलमध्ये मी दर महिन्याला फिल्मा दाखवते, त्यासाठी टॅलिथाने तिची पाठवली! भांडी सिंकमध्ये तशीच टाकून पाहिली. इवलीशी — कॉफी गार व्हायच्या आत संपते. एक लहान मुलगी खिडकीत उभी आहे. खाली आईची गाडी येऊन थांबते, दिवे विझतात. आई उतरत नाही. नुसती बसून राहते. मुलगी वाट बघते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. आणि शेवटी मुलीचा आवाज — "तिला घरी यायचंच नसावं."

परत पहिल्यापासून लावली.

टॅलिथा म्हणजे लोरेटाची मुलगी. चर्चच्या कॉयरमध्ये गाताना लोरेटा माझ्या शेजारी उभी राहते. फिल्ममधली गाडी लोरेटाचीच, गल्लीही तीच. लोरेटाला ठाऊक आहे का हे?

७ मार्च

फोन केला. टॅलिथा म्हणते, "फिल्म आहे एवढं सांगितलंय आईला, मिस व्हर्नेल. कशावर ते नाही."

"मग सांग की!"

"पडद्यावरच बघू दे. तोंडावर सांगायला जमलं असतं तर फिल्म कशाला केली असती?"

१४ तारखेच्या यादीत तिची फिल्म शेवटी घातली.

११ मार्च

चर्चचा कारभार बघणाऱ्या होझेया डीकनची कुरकुर. चर्चच्या हॉलची किल्ली त्याच्याकडे, प्रोजेक्टर त्याचा, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. "दर महिन्याला काहीतरी रडकं. एकदा हाणामारीचा लाव की!"

म्हटलं, हाणामारीचे डेट्रॉइटभर लागलेत. त्यात आपली काळी माणसं येतात ती गोळी खाऊन मरण्यापुरती. इथे आपल्याच पोरापोरींनी केलेलं दाखवायचं — ज्यांना अजून कुणी ओळखत नाही अशांनी. म्हणून तर हा खटाटोप.

"बरं बाई, बरं. पण गोडाला पीच कॉब्लर तू करून आणायचं."

तेवढ्यावर तह.

१४ मार्च

हॉल भरला! मागे लोक उभे.

आमची माणसं गप्प बसून सिनेमा बघतच नाहीत. पडद्याशी बोलतात. पहिल्या दोन फिल्मांना नुसता दंगा — "अगं मागे बघ, मागे!" "सोड त्याला, कामाचा नाही तो!" दुसरी फिल्म केलेला मुलगा आधी बावरला, मग हसत सुटला.

मग टॅलिथाची. सुरुवातीला कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, उतर की खाली!" थोडे हसले. दुसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा कुणी हसलं नाही. लोरेटा माझ्या शेजारी. गाडी ओळखली तिने — हातातली कागदी प्लेट हळूच खाली ठेवली. ते शेवटचं वाक्य आलं. होझेयाला दिव्याचं बटण सापडेना.

लोरेटा उभी राहिली.

"पोरी, मी गाडीत चेहरा नीट करत होते," ती म्हणाली. "दिवसभर हॉस्पिटलात बेडपॅन उचलायचे, वर बोलणी खायची. तो चेहरा घेऊन तुझ्यासमोर यायचं नव्हतं. पुसून काढायला वेळ लागायचा गं."

"खरंय गं, बहिणी!" मागून एक बाई. मग दुसरी — "मी तर अजून बसते तशी!" बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. टॅलिथा धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. मीही. होझेया म्हणतो त्याच्या डोळ्यांत धूळ गेली. जाऊ दे, असेल.

१६ मार्च

टॅलिथाचा निरोप. शिकागोचा एक महोत्सव फिल्म मागतोय! पण ती शेवट बदलणार. ते वाक्य काढणार, आई गाडीत डोळे पुसतेय असं घालणार. "मी आईला किती चुकीचं समजले, मिस व्हर्नेल."

आनंद झाला. मग दुपारभर काहीतरी टोचत राहिलं. ते वाक्य गेलं की उरेल काय? एक छान फिल्म. सगळ्यांना आवडेल अशी. पण खिडकीतल्या मुलीला जे वाटलं ते वाटलंच ना! चूक असेल, पण तिचं होतं. आईला खरं ठरवायला मुलीला खोटं पाडावं लागतं का?

काही बोलले नाही. मायलेकी इतक्या दिवसांनी जवळ आल्यात. मी कोण मध्ये पडणार?

१९ मार्च

कॉयरच्या तालमीला लोरेटा आली नाही.

२१ मार्च

लोरेटा आली. कोटही न काढता माझ्या स्वयंपाकघरात बसली.

"टॅलिथा शेवट बदलतेय म्हणे. बदलू देऊ नकोस."

"का गं?"

"चेहरा-बिहरा काही नव्हतं, व्हर्नेल. सगळ्यांसमोर सुचलं ते बोलले. रोज गाडीत बसून ठरवत होते — आत जायचं, की तशीच निघून जायचं. पोरीनं बरोबर ओळखलं होतं. तू सांग तिला."

मी नाही सांगितलं. टॅलिथाचा नंबर लावला आणि फोन लोरेटाच्या हातात दिला.