ओरिनो, वेल्टन आणि एक पिवळा शर्ट

१२ जानेवारी, रविवार
ब्रँड म्हणजे निव्वळ मार्केटिंग. मी असल्या नादाला लागणारा माणूस नव्हे. कॉलेजपासून 'ओरिनो'चाच अ‍ॅम्प्लिफायर वापरतो, ते फक्त कान सांगतात म्हणून. ऑफिसातला अमरसिंह 'वेल्टन'वाला. शिवाय फुटबॉलमध्ये आमच्या विरुद्धच्या दगडी चौक तालमीचा. त्यावरनंच काय ते समजावं.
संकल्प: यंदा एकही अपग्रेड नाही.

१९ जानेवारी
ओरिनोचं नवीन मॉडेल आणलं. बायकोनं, म्हणजे संयोगितानं, विचारलं की जुन्यात आणि यात फरक काय. म्हटलं, आवाज मोकळा झालाय. मग जुना काय बांधून ठेवलावता व्हय, म्हणाली. बायकोशी टेक्निकल बोलू नये.
हे अपग्रेड नव्हे. रिप्लेसमेंट.

३ फेब्रुवारी
कँटीनमध्ये अमरसिंह चारचौघांत म्हणाला, पडद्याआड ठेवलं तर तुला ओरिनो कुठला नि वेल्टन कुठला, काय कळणार न्हाय. डोकं फिरलं. पैज लावली. मी ओळखलं तर दोन्ही तालमींच्या पुढच्या फुटबॉल मॅचला त्यानं आमच्या पिंपळकट्टा तालमीचा निळा शर्ट घालून आमच्यात बसायचं. चुकलो तर मी त्यांचा पिवळा घालून त्यांच्यात.
घरी आक्काला सांगितलं. आक्का माझी आई. वडील पिंपळकट्ट्याचे गोलकीपर होते, दोन बोटं वाकडी झालेली. आक्का म्हणाली, शर्टावर पैज लावतोस, लाज हाय का?
तिला ओरिनो माहीत नाही, म्हणून घाबरते.

८ फेब्रुवारी
खबरदारी म्हणून भारी स्पीकर वायर घेतली. तालमीतला बालमित्र गुंडू म्हणाला, म्हस बांधायला आणलीस काय. ही वायर आठवडाभर वाजली की मग खुलते, असं कंपनी म्हणते. कंपनी कशाला खोटं बोलेल?

१६ फेब्रुवारी, रविवार
टेस्ट झाली. आमच्याच हॉलमध्ये. पडद्यामागं संयोगिता वायरी बदलायला. पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरवर बासरी सुरू झाली आणि अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणी. म्हटलं, हा माझा ओरिनो. दुसरा लागला तेव्हा हसू आवरेना. पत्र्याचा डबा वाजल्यागत. अमरसिंहला म्हटलंसुद्धा, ह्यो तुझा डबा.
पडदा काढला. डबा माझा होता. नव्या वायरीसकट.

संध्याकाळी
कारणं सापडली. व्होल्टेज कमी होतं. दुपारी तांबडा रस्सा जास्त झाला, कानाला सुस्ती येते. वायरसुद्धा पुरती खुलली नसावी.
मुख्य म्हणजे ओरिनोचं हे मॉडेल खालचं आहे. वरचं बुक केलं.

१ मार्च
आमची टीम फायनलला. समोर दगडी चौक. अमरसिंहनं शर्ट पाठवला, इस्त्री करून. गुंडूला विचारलं, पैज मोडली तर चालेल का. म्हणाला, शब्द दिलास न्हवं, मग घाल की. पण आमच्या बाजूला फिरकू नको.
त्याला अ‍ॅम्प्लिफायरमधलं काही कळत नाही.

९ मार्च, रविवार
जिंकलो. बऱ्याच वर्षांनी कप पिंपळकट्ट्याला. शेवटच्या मिनिटाला गोल झाला तेव्हा मी उडी मारली. आजूबाजूच्या पिवळ्यांनी शर्टाला धरून खाली बसवलं. अमरसिंह रडत होता. मलाही रडायला आलं, पण कुणाच्या बाजूनं रडावं कळेना.
मॅच संपल्यावर पळत आमच्या पोरांत गेलो. गुंडू गुलाल उधळत होता. माझ्याकडं बघून हात थांबवला. म्हणाला, पावणं, तुमची माणसं पलीकडं हाईत.
सगळे हसले. मीपण हसलो. ओरिनोचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. वाईट वाटलं, लई वाईट वाटलं.
घरी आलो. आक्का दारातच, केसांपर्यंत गुलाल. शर्टाकडं बघून आत निघून गेली. संयोगिता म्हणाली, शर्ट धुवायला टाकू नका, कुठं मळलाय?