निरोगी रक्ताची नळी

३ ऑगस्ट १९३६, प्रकाशा

नवापूरहून नंदुरबारपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी, आणि शेवटी नावेतून तापी. नावेत निम्मा भिजलो, तरी मजेत पोहोचलो. डॉ. चुनीलाल स्वतः घाटावर घ्यायला आले होते. मुंबईत रक्ततपासणी शिकलेला माणूस या गावाला मिळाला याचा त्यांना फार आनंद झाला. दवाखाना आठ खाटांचा. सगळे मूत्रपिंडाचे रोगी. अंगावर सूज आणि श्वासाला मुताचा वास. स्वयंपाकाला तापीबाई आहेत, त्यांच्या हातच्या दादर ज्वारीच्या चार भाकरी खाल्ल्या. नाताळात हन्नाशी लग्न आहे, तोवर इथे राहीन. पोहोचल्याचे पत्र तिला टाकले.

९ ऑगस्ट

काम आवडले. मूत्रपिंड थकले की युरिया नावाचा मळ रक्तात साचतो, तो मी मोजतो. रक्तावर औषधे घातली की नळीत पिवळा रंग येतो. मळ जास्त तितका रंग गडद. मुंबईत तुलनेसाठी तयार द्रव असे. इथल्या उकाड्यात तो नासतो, असे डॉक्टर म्हणतात. म्हणून त्यांची रीत वेगळी: शेजारच्या नळीत निरोगी माणसाचे रक्त घ्यायचे आणि त्याचा आकडा तीस धरायचा. रोग्याचा रंग दुप्पट गडद, तर आकडा साठ. तो निरोगी माणूस म्हणजे मी. साऱ्या तालुक्याचे रक्त माझ्या रक्तावरून मोजले जाते, याची मला जरा ऐटच वाटते.

हिवताप होऊ नये म्हणून डॉक्टर रोज सकाळी मला मधातून करडी भुकटी देतात, चमचाभर. दिवसभर तोंडात लोखंडी चव राहते. आकड्यावरून मरणाची तारीख सांगता आली पाहिजे, हा त्यांचा ध्यास आहे. त्यांची तक्रार एकच, रोगी नेहमी उशिरा येतो. रोगाची सुरुवात कुणी दाखवत नाही.

१४ सप्टेंबर

धडगावच्या डोंगरातून होळ्या नावाच्या माणसाला भावांनी झोळीतून आणले. बायको गंगीबाई सोबत चालत आली. त्याचा रंग माझ्या सहापट, म्हणजे एकशेऐंशी. गडी माझ्याच वयाचा आहे. फार वाईट वाटले.

१९ ऑक्टोबर

होळ्याचा आकडा नव्वदवर आला. त्याची उचकी थांबत नाही, पण आकडा खोटे बोलत नाही. गंगीबाईला मीच सांगितले की नवरा निम्मा बरा झाला, घरी ने. ती माझ्या पाया पडली. डॉक्टर ऐकत उभे होते.

२६ ऑक्टोबर

होळ्या घरी पोहोचलाच नाही, डोंगरातल्या घाटातच गेला. आकडा उतरला म्हणून घरी पाठवलेले आणखी दोघेही गेले. डॉक्टरांना याचे काहीच वाटले नाही. त्यांनी मला फक्त विचारले, हल्ली बूट घट्ट होतात का. होतात. हिरड्यांतून रक्तही येते.

२ नोव्हेंबर

दुपारी डॉक्टर शहाद्याला गेले होते. तापीबाईंच्या विनवण्या करून त्यांच्या दंडातून थोडे रक्त घेतले आणि त्यांचा आकडा तीस धरला. माझा रंग चौपट गडद. पुन्हा केले. चौपटच.

होळ्या उतरला नव्हता. मी चढलो होतो. बिघडलेली फूटपट्टी घेऊन मी माणसे मोजत होतो, आणि त्याला मरायला मीच डोंगरात धाडले.

तापीबाईंना विचारले, माझ्याआधी या कामावर कोण होते. त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "तुन्हा आगोदर दोन जन व्हतात. त्यासले बी मन्ही भाकर गोड लागे."

३ नोव्हेंबर

डॉक्टरांचे कपाट उघडले. तयार द्रवाची बाटली आत आहे, अर्धी वापरलेली, जराही न नासलेली. खाली भुकटीचा डबा, त्यावर लिहिले आहे: खडूत घोटलेला पारा, म्हणजे मूत्रपिंडाचे विष. आणि एक वही. 'निरोगी' या मथळ्याखाली छगन, मग भाईदास, मग मी. माझे खरे आकडे: ऑगस्टात तीस, सप्टेंबरात चव्वेचाळीस, ऑक्टोबरात नव्वद. पुढे पेन्सिलीने तारीख — २१ डिसेंबर.

सुरुवात दाखवणारा माणूस त्यांना हवा होता.

५ नोव्हेंबर

पळालो. घाटापर्यंत गेलो, पाय फुगलेले. नावाड्याने सूज पाहिली, पाठीवर घेतले आणि मायेने डॉक्टरांकडे परत आणून सोडले. सुजलेल्या माणसाला इथे सगळे हेच करतात. आता मी तिसऱ्या खाटेवर आहे, होळ्याच्या. चमचा बंद झाला. आता गरज नाही म्हणाले.

२३ नोव्हेंबर

उशाखालची ही वही डॉक्टरांनी वाचली. रागावले नाहीत. म्हणाले, लिहीत राहा. आकडा चढताना अक्षर कसे मोडते, कुठे थांबते, ते त्यांना पाहायचे आहे. समासात लाल पेन्सिलीने आजचा आकडा घातला — १६५.

मी आता लिहिणार नाही.

१४ डिसेंबर

नवा माणूस आला. नवल. हसरा. भाकर आवडली म्हणतो — माझे रक्त त्याने घेतले. त्याच्या आठपट. त्याला ऐट वाटते, दिसते ते — बोलायला जातो तर उचकी, जीभ सुजलेली —

२० डिसेंबर

डोळ्यांपुढे धूर. हन्नाचे पत्र नवलने वाचून दाखवले. पांढरी साडी घेतली आहे. पोलके माझ्या आईने शिवले.

नवलच्या तोंडाला मधाचा वास —

२१

लिहिले तर डॉक्टरांचे काम होते. नाही लिहिले तर नवल —

तो येतोय. वही त्याच्या हातात देतो. एकच वाक्य, मग —

नवल, सकाळी मधातून देतात तो चम