मानेतली सळई

कुरुंदा, ता. वसमत
२ फेब्रुवारी २००४

चि. सरितास,
रत्नपालदादाचा सप्रेम जय भीम. वि. वि. आमी समदे खुशाल. बाबांच्या गुडघ्याला तकलीफ आहे, पण तुझा कारखान्यातला फोटो घेऊन गावभर फिरायला गुडघे बराबर चालतात. चहाच्या हॉटेलात, पिठाच्या गिरणीवर एकच सांगणं, की माझी लेक पुण्यात बेस गिटार बनवते. मी वीस वर्षं त्यांच्याच हाताखाली चौकटी अन् पलंग ठोकून राहिलो, माझा फोटो कुणी दाखवला न्हाई.

म्हणून मीपण एक बेस करायला घेतलाय. चौदा एप्रिलला आपल्या गायन पार्टीत वाजंल. सागवान झकास मिळालंय. मापं तेवढी धाड. फार शिकवू नको, लाकूड मला तुझ्याआधीपासून कळतं.

थोडा लोभ माझ्या वाट्यालाही ठेव.
तुझा दादा
रत्नपाल

पुणे
११ फेब्रुवारी २००४

ती. दादास,
सरिताचा जय भीम. वि. वि. पत्र वाचून हसले, मग रडलेपण. तुला फोटोचा राग येतो. तू बारा वर्षांचा असताना बाबांनी तुझ्या हातात रंधा दिला अन् माझ्या हातात भुसा झाडायला खराटा. इथं पहिलं लाकूड हाती आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. जळायचंच तर दोघं मिळून जळू.

आता मापं. वरच्या खाचेपासून खालच्या घोडीपर्यंत तार चौतीस इंच. मानेवरची बारावी आडवी पट्टी बराबर सतरा इंचावर, अर्ध्या सुताचाही फरक चालणार न्हाई. बाकीच्या पट्ट्यांच्या जागा सोबतच्या कागदावर आहेत. धड सागवानाचं चालंल, पण जड होईल. मान मात्र तीन फळ्या डकवून कर, मधलीच्या लाकडाच्या रेषा उलट्या ठेव. आणि आत लोखंडी सळई घालच. चार जाड तारा मानेला दोन मणांच्या जोरानं ओढतात. सळई आवळली तरच मान सरळ राहते. तू फक्त व्हय म्हण, सळई मी धाडते.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझीच
सरिता

पुणे
२४ एप्रिल २००४

ती. दादास,
जय भीम. सागवानाला लोखंडाचा टेकू लागत न्हाई, असं एका ओळीचं कार्ड टाकून तू गप्प झालास. जयंतीचं मला शेजारच्या जनकाबाईंकडून कळलं. तिसऱ्या गाण्याला मान वाकली, तारा बोटभर वर आल्या, सूर सुटला, लोक हसले. ते ऐकून मला वाईटच वाटलं, दादा. पण पुढं त्या म्हणल्या, की सरितानं मापं चुकीची धाडली असं तू चारचौघांत सांगितलंस.

गावातल्या फोनच्या दुकानात दोन वेळा फोन केला, निरोप देऊनही बाबा बोलायला आले न्हाईत. तू असं काहून केलंस?

लोभाचं काय लिहू, तूच सांग.
सरिता

कुरुंदा
३ मे २००४

चि. सरितास,
जय भीम. तुझी मापं बराबर होती. सळई नको म्हणलो, कारण ती तू सांगितली होतीस. त्या दिवशी बाबा वाकलेली मान हातात घेऊन म्हणले, की सरिताच्या हातची असती तर वाकली नसती. डोळ्यांपुढं अंधारी आली, अन् तोंडातून निघून गेलं की मापं तिचीच आहेत.

काल रविवारी वंदना झाल्यावर विहारात समद्यांसमोर तुझं मापांचं पत्र वाचलं. फूटपट्टी लावून चौतीस इंच मोजून दाखवले अन् खोटं बोललो म्हणून सांगितलं. बाबा उठून तडक फोनच्या दुकानात गेले. तुझा कारखाना बंद, फोन वाजत राहिला. ते तिथंच बसून फोन लावत राहिले, दहाची जेवणं चारला झाली. आता ते पुढच्या मंगळवारी, अकरा तारखेला, चारला फोन करणार हायत, फोनजवळ राहा.

जळणं गेलं असं म्हणणार न्हाई. पत्र वाचताना तुझं अक्षर कसं सुधारलंय, तेबी डोळ्यांत खुपलं. तरीपण मला आठ दिवस तिकडं बोलव. सळई बसवायला शिकायचं हाय. कारखान्यात मला दादा म्हणू नको, शिकाऊ म्हण.

उरलासुरला लोभ राखून ठेव, घ्यायला येतो.
रत्नपाल