डावीकडून कापलेला चर

सोमवार, ९ तारीख

प्रिय धाकट्या,

तुम्ही तिघं मजेत असाल असं धरून चालते. बायकोची कंबर कशी आहे? इथे बाबांचा खोकला थांबलाय, चिडचिड मात्र ठणठणीत आहे.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आपल्याकडचं एक पेन दुरुस्तीला आलं. टोपणावर सोन्याच्या तारेची वेल, खाली बाबांचा शिक्का. वेलीचं टोक सुटलं होतं म्हणून मी तार उचलली, तर ती बसवायला कोरलेला खालचा चर डावीकडून कापलेला! वरून तार ठोकून घासली की कुणाला कळत नाही. पण चर कापणाऱ्याचा हात लपत नाही. आपल्या घरात डावखुरा एकच, आणि त्याला बाबांनी गिऱ्हाइकांसमोर 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' म्हणून हाकललेलं.

मनात पाल चुकचुकली. म्हटलं, हा तिकडे बसून बाबांचा शिक्का मारून पेनं खपवतोय. तुला यथेच्छ शिव्या घातल्या, सांगून टाकते. मग आपल्याच कपाटातल्या एका तयार पेनाची तार उचलून पाहिली. तेही तुझंच!

तेव्हापासून बाबांवर नजर ठेवली. दर गुरुवारी 'पाय मोकळे करून येतो' म्हणत ते कुरिअरवाल्याकडे जातात. एरवी दार लावून ठोकठोक. एकदा फटीतून पाहिलं, तर हातोडी नुसत्या लाकडाच्या तुकड्यावर चालली होती. त्यांना आता बारीक काम दिसत नाही रे, आणि हे मला कळू द्यायचं नाही.

हाकललेल्या मुलाकडे काम जातं, आणि घरातल्याच मुलीच्या हातात पॉलिशचं फडकं! काखेत कळसा नि गावाला वळसा. तू तरी कधी म्हणालास का, 'ताईला देऊन बघा'? की तुम्हा दोघांचं आधीच ठरलं होतं? फार लागलंय मला हे.

मागचं पार्सल त्यांनी 'बिलाचे कागद आहेत' म्हणत बांधलं, तेव्हा 'मी त्याच बाजूला चाललेय' म्हणून ते मीच घेतलं. त्याची वाट बघू नकोस. त्यातलं पेन मी केलं. चर कापला, तार ठोकली, घासली, आणि 'कुरिअरवाल्यानं दिलं' म्हणून खोकं बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी वेलीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी समोर आहे हेही विसरले आणि पुटपुटले, "धाकटा माझ्याही पुढे गेला."

मी फडकं उचललं आणि आत जाऊन रडले.

शाबासकी द्यायला ते तुला फोन करतीलच. ऐकू कमी येतं म्हणून हल्ली स्पीकरवर बोलतात. तू त्यांना काय उत्तर देतोस, ते मी दाराआड उभी राहून ऐकणार आहे.

तुझी, निदान तोवर तरी,
ताई