बिरोबापुढची काळी घोंगडी

मी, सिदू बिरप्पा सलगर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा घोंगडी विणणे, राहणार बिरोबावाडी, माकणीच्या शेजारी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. उमरग्याच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. हात कापतो, डोळ्याला कमी दिसतं, पण कोण कधी काय म्हणालं ते सगळं ध्यानात आहे, आणि तोच माझा आजार आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. वकील योगीराज यांनी छापील नमुना दिला होता. त्यात माझं म्हणणं मावेना, म्हणून शाळेची वही आणली. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. गावठाणातलं राहतं घर, पत्र्याच्या तीन खोल्या, पूर्वेस रस्ता व पश्चिमेस महांतप्पाचा मेंढरांचा वाडगा, हे माझा मुलगा वैजनाथ यास द्यावं. तो पुण्यात नोकरीला आहे, इथं राहायला येणार नाही, विकणार हे मला ठाऊक आहे. विको. त्याची आई धुरपदाबाई गेली तेव्हा तो तिसऱ्या दिवशी परत गेला, रजा नव्हती म्हणे. जाताना मला परदेशी लोकरीचा स्वेटर देऊन गेला. ऊबदार आहे, खोटं कशाला बोलू. तो त्यालाच परत द्यावा.

२. पोस्टात जे काही आहे ते नात ज्ञानेश्वरी हिच्या शिक्षणाला. तिच्या बापाच्या हातात देऊ नये.

३. दोन शेळ्या महांतप्पास. गावात मेंढरं राखणारा तो एकटा उरला. परदेशाशी करार झाला, लोकरीवरची जकात उठली, असं व्यापारी सांगू लागले आणि आमच्या काळ्या, राठ लोकरीला कुणी हात लावीना. तीन वर्षं महांतप्पानं मेंढरं कातरून लोकर बांधावर फेकली. मी ते बघत होतो. मी घेतली असती तरी किती घेणार होतो?

४. टीव्ही ग्रामपंचायतीस. त्यावर बघूनच गावाचं मत ठरतं, तर सगळ्यांनी एकाच ठिकाणी बसून ठरवावं. तुरीचा भाव पडला की परदेशी तूर बंद करा. तेल महागलं की परदेशी तेल येऊ द्या. करार कुणी वाचलेला नाही, मीही नाही, पण पारावर माझाच आवाज मोठा असायचा.

५. घरामागचं विणायचं छप्पर, त्यातला खड्ड्याचा माग, खळ द्यायचा कुंचा, कातरी, चरखे आणि लाकडी पेटी आतल्या मालासकट, हे सर्व माझा भाचा धनाजी यास द्यावं. माझी बहीण हरणाबाई याच गावात दिलेली, तिचा हा मुलगा. वैजनाथनं यावर हक्क सांगू नये. खड्डा बुजवून फरशी टाकू, असं तो माझ्या तोंडावर म्हणाला आहे.

गाव विचारील, धनाजीला का? ज्याला जत्रेतनं काढलं त्यालाच का? त्याचं कारण लिहितो. मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत म्हणे. मी लिहिणार.

आमच्या बिरोबापुढं जावळाची घोंगडी अंथरलेली असते. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरलेली लोकर, सगळ्यात मऊ. एका घोंगडीला कळपच्या कळप लागतो. जुन्या घोंगडीला कसर लागली, तेव्हा गावानं नवी करायचं काम मला दिलं. जत्रेला दोन महिने होते. महांतप्पाकडं कोकरं मोजून नऊ. गावाला नाही म्हणायला हवं होतं. पण सिदू सलगरला देवाची घोंगडी जमली नाही, असं लोक म्हणाले असते. तेवढं ऐकायची माझी तयारी नव्हती.

धनाजीचं उमरग्याला हायवेला चादरी-ब्लँकेटचं दुकान आहे. त्याला सांगून मी सोलापुरातनं परदेशी लोकरीचं सूत मागवलं. चुलीवर काळं रंगवलं. यंत्राचा धागा फार सरळ असतो, म्हणून चरख्यावर पुन्हा पीळ दिला. वर चिंचोक्याची खळ दिली. जत्रेत जाणत्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, लई वर्षांनी असं जावळ बघितलं. मऊ होती ना. जावळ मऊच असतं, मग कशाला कोण शंका घेतंय! मला फेटा बांधला. मी बांधून घेतला.

फक्त हरणाबाईनं कड दोन बोटांत धरून चोळली. चाळीस वर्षं माझ्या मागाला तिनंच सूत कातलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, कड सोडली आणि घरी गेली. त्यानंतर ती माझ्या दारात आली नाही. मागच्या उन्हाळ्यात वारली.

पुढच्या सव्वीस जानेवारीला ग्रामसभा झाली. सरपंच कृष्णराज यांनी परदेशी कराराच्या निषेधाचा ठराव मांडला. सगळे हात वर. तेवढ्यावर त्यांचं भागेना. देवळातली घोंगडी आणवली, तिच्यावर हात ठेवून एकेकानं शपथ घ्यायची ठरलं. परदेशी लोकर विकणार नाही. जो विकेल त्याला जत्रेत मान नाही. सगळ्या गावानं त्या घोंगडीवर हात ठेवला. पहिला माझा होता.

मग कुणीतरी धनाजीच्या दुकानाचं नाव काढलं. जत्रेत पहिला भंडारा उधळायचा मान त्याच्या घराण्याचा, आजोबापासूनचा. पोरं ओरडायला लागली. धनाजी उठला आणि मलाच विचारलं, "मामा, तुमचं काय म्हणणं हाय?"

सूत त्यानं स्वतः आणून दिलं होतं. एक शब्द बोलला असता तर माझा फेटा तिथंच उतरला असता. मी म्हणालो, "देवाच्या घोंगडीपुढं दगाबाज चालत न्हाय."

तो घोंगडीकडं बघत राहिला. "बरं मामा," म्हणाला आणि गेला. दोन जत्रा झाल्या, तो आलेला नाही. आईच्या मातीला त्याच्या घरची चार माणसं आणि महांतप्पा, एवढेच होते. मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

मागच्या महिन्यात तुळजापूरकडनं शिवप्रिया नावाची कॉलेजातली मुलगी आली. खुल्या व्यापाराबद्दल लोकांचं मत काय, याची पाहणी करत होती. पाच चौकोन होते, त्यातल्या एकावर खूण करायची. मी पार शेवटच्या चौकोनावर करायला लावली, सक्त विरोध. शेवटी तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही स्वतः परदेशी माल वापरलाय का?" मी न्हाय म्हणालो. तिनं तसं लिहून घेतलं आणि माझे आभार मानले. दुसऱ्या दिवशी ही वही आणली.

तरी तिला खोटं सांगितलं ते एवढंच. करारानं महांतप्पाची लोकर बांधावर गेली, माझा माग बंद पडला, हे खरंच आहे, आणि त्याचा राग मी सरणावर घेऊन जाणार. पण धनाजीला करारानं बाहेर काढलं नाही. मी काढलं. जिवंतपणी सांगायची छाती झाली नाही, हेही इथंच लिहून ठेवतो.

६. पेटीत काय आहे ते कुणाला माहीत नाही. त्या जत्रेपासून दरसाल महांतप्पाच्या कोकरांचं जावळ मी साठवलं. डांबरगोळ्या घालून ठेवलंय. एका घोंगडीपुरतं झालंय, पण आता माझ्या हातात मागाचा धोटा राहत नाही. धनाजी पोरवयात याच खड्ड्यात पाय सोडून विणायला शिकला. त्यानं विणावं असं मी म्हणत नाही. मला तो हक्क नाही. विणो, विको, नाहीतर जाळून टाको. गावाला खरी घोंगडी हवी असेल तर गावानं त्याच्या दुकानात जाऊन मागावी, आणि पहिल्या भंडाऱ्याचा मान आधी परत करावा.

७. हे मृत्युपत्र माझ्या मागं येणाऱ्या पहिल्या जत्रेत, भंडाऱ्याच्या आधी, वकील योगीराज यांनी सगळ्यांसमोर वाचावं. कलम पाच गाळू नये. अंमलबजावणी तेच करतील. माझ्या मातीला खांदा द्यायला धनाजीला बोलवू नये. आलाच तर अडवू नये.

ठिकाण: बिरोबाचं देऊळ, बिरोबावाडी
तारीख: ८ डिसेंबर २०२५

सही: सिदू बिरप्पा सलगर

आमच्या समक्ष सही केली म्हणून साक्षीदार:
१. महांतप्पा (डाव्या अंगठ्याची निशाणी)
२. कृष्णराज, सरपंच (सही)

सह्यांनंतर लिहिलेल्या मजकुराला कायद्यात किंमत नाही, असं वकील म्हणतात. नसू दे. साक्षीदाराला आतलं वाचून दाखवायची गरज नसते, हेही त्यांनीच सांगितलं, म्हणून मी कृष्णराज यांना बोलावलं. आत काय लिहिलंय तात्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, परदेशी लोकरीबद्दल लिहिलंय. मग बरोबरच असणार, म्हणाले आणि देवापुढं घोंगडीवर बसून सही केली. उठताना तिच्यावर हात फिरवला. "तात्या," म्हणाले, "असं जावळ आता कुठं मिळत न्हाय."